वसईचे संत गोन्सालो गार्सिया : चिकाटी आणि सेवेचा आदर्श



फेब्रुवारी महिन्याच्या आरंभी ख्रिस्तसभा जपानमधील सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. ६ फेब्रुवारी रोजी उपासनेच्या दिनदर्शिकेत 'संत पॉल मिकी आणि सोबती' असे आपण वाचतो. या सोबत्यांमध्ये एक जण आपल्याच पालघर जिल्ह्यातला आहे. ते म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. जव्हारचा घाट उतरून विक्रमगड, मनोरमार्गे आपण ज्या वसईला जातो, दिवाळी झाली की आपल्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर काम मिळावे म्हणून ज्या भागात जातात, त्याच वसईत हा संत जन्मला आणि वाढला. आपला धर्मप्रांतही वसईचाच. म्हणून त्यांची ओळख आपल्या मुलांना असायलाच हवी.

बालपण

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५६-५७ साली वसईत झाला. त्या काळी इकडे डोंगरात जव्हारला मुकणे घराण्याचे राज्य होते, तर खाली किनाऱ्यावर वसईत पोर्तुगीजांचा अंमल होता. हा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत टिकला. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई इथली, स्थानिक. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथील फादर सेबास्तियन गोन्साल्वीस यांची या मुलावर माया होती. पंधरा-सोळा वर्षांचे असताना गोन्सालो येशूसंघीय मिशनरींबरोबर जहाजाने जपानला निघाले.

पंधरा-सोळा वर्षे म्हणजे आपल्याकडे दहावीचे वय. त्या वयात घर, आईवडील, गाव सोडून जाणे सोपे नसते. आपल्या आश्रमशाळेतल्या मुलांना वसतिगृहातली पहिली रात्र कशी जाते, हे त्यांनाच विचारावे. गोन्सालो तर अशा देशात गेले, जिथल्या माणसांचा एक शब्दही त्यांना कळत नव्हता.

आठ वर्षांची सेवा आणि बंद दार

जपानमध्ये त्यांनी पहिले काम केले ते भाषा शिकण्याचे. लोकांमध्ये राहून, त्यांचे बोलणे कान देऊन ऐकून ते जपानी इतकी चांगली शिकले की थोड्याच काळात धर्मशिक्षक म्हणून लोकांना श्रद्धेचे शिक्षण देऊ लागले. मूळचे मिशनरी मोठे विद्वान होते, परंतु जपानी माणसाशी त्याच्या भाषेत मोकळेपणाने बोलणारा हा वसईचा तरुण त्यांना फार उपयोगी पडला. सुमारे आठ वर्षे त्यांनी हे काम केले.

त्यांच्या मनात एकच इच्छा होती. येशूसंघात प्रवेश घ्यावा, धर्मबंधू व्हावे आणि आयुष्य देवाला वाहून टाकावे. ही इच्छा पूर्ण झाली नाही. संघात त्यांना घेतले गेले नाही. त्या काळी भारतात जन्मलेल्या, विशेषतः स्थानिक किंवा मिश्र वंशाच्या तरुणांना धर्मसंघात घ्यायला युरोपीय वरिष्ठ सहसा तयार नसत. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेतली माणसेही त्या त्या काळाच्या समजुतींत अडकतात. आज भारतीय आणि आदिवासी मुले-मुली धर्मगुरू व धर्मभगिनी होतात. तेव्हा ते दार बंद होते.

आठ वर्षे मनापासून काम करून पदरी नकार आला, तर माणूस काय करतो? कोणी चिडतो, कोणी व्यसनाकडे वळतो, कोणी ख्रिस्तमंदिराची पायरी चढणेच सोडतो. आपल्या पाड्यांवर पोलीस भरतीत दोनदा मागे राहिलेली, बारावीला नापास झालेली, चांगले गुण मिळूनही फी अभावी शिक्षण सोडलेली मुले आहेत. त्यांच्या मनातला कडवटपणा गोन्सालो यांना नक्की कळला असता.

व्यापारी गोन्सालो

गोन्सालो यांनी जपान सोडले आणि व्यापार सुरू केला. पूर्वेकडच्या बंदरांत त्यांची ये-जा होती. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. व्यापारात त्यांना चांगले यश मिळाले. हा त्यांच्या आयुष्यातला महत्त्वाचा टप्पा आहे, कारण आता त्यांच्याकडे परत फिरण्याचे काही कारण उरले नव्हते. पैसा होता, मान होता. जुनी इच्छा विसरून सुखाने राहता आले असते, आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता.

परंतु इच्छा विझली नव्हती. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्समधील मनिला शहरात गेले. तेथे त्यांचा फ्रान्सिस्कन धर्मबंधूंशी संबंध आला. असिसीच्या संत फ्रान्सिसने घालून दिलेल्या गरिबीच्या वाटेने हे लोक चालत होते. गोन्सालो यांनी व्यापार सोडला, कमावलेले मागे टाकले आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. ते धर्मगुरू झाले नाहीत. शेवटपर्यंत ते साधे धर्मबंधूच राहिले. मिस्सा अर्पण करण्याचा, पापांगीकार ऐकण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधीच नव्हता. आपण त्यांच्या नेतृत्वाचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुन्हा जपान

जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ साली मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तो हुकूम कडकपणे पाळला गेला नाही, पण तलवार डोक्यावर टांगलेलीच होती. अशा वेळी १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना आपले वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठवले. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून कोण जाणार? जपानी भाषा उत्तम येणारे धर्मबंधू गोन्सालोच. येशूसंघात प्रवेश मिळावा म्हणून तरुणपणी ज्या देशात ते राबले, त्याच देशात देवाने त्यांना दुसऱ्या दाराने परत नेले. आठ वर्षांची मेहनत वाया गेली असे जे वाटत होते, तीच मेहनत आता कामी आली.

हिदेयोशीसमोर बोलण्याची जबाबदारी गोन्सालो यांच्यावर होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर सगळ्यांच्या जिवावर बेतले असते. बोलणी यशस्वी झाली आणि या फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी क्योतो शहरात ख्रिस्तमंदिर उभारले आणि त्याच्या जोडीला गरिबांसाठी रुग्णालये चालू केली. ज्यांना घरचेही हात लावत नसत, अशा कुष्ठरोग्यांची सेवा तेथे होत असे. अनेक जपानी प्रापंचिक या कामात सामील झाले. आधी आजाऱ्याची जखम धुवायची, मग श्रद्धेविषयी बोलायचे, अशी त्यांची रीत होती. लोकांचा विश्वास त्यातून मिळाला.

अटक आणि मरण

ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. जहाजावरचा मौल्यवान माल जप्त झाला. मिशनरी हे स्पेनच्या सैन्याचे पुढचे हस्तक आहेत, असा संशय हिदेयोशीच्या मनात भरला. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या सोबत्यांना अटक झाली.

जानेवारी १५९७ मध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि त्यांना गाड्यांतून शहरात फिरवण्यात आले. मग भर थंडीत, बर्फातून, सुमारे महिनाभराचा प्रवास करून त्यांना नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील केले गेले. असे एकूण सव्वीस जण झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी केवळ बारा वर्षांचा होता. सहा फ्रान्सिस्कनांत चार स्पेनचे, एक मेक्सिकोचे आणि एक आपले गोन्सालो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रुस उभे करण्यात आले. त्यांवर सर्वांना बांधले गेले आणि भाल्यांनी भोसकून ठार मारले गेले. गोन्सालो यांचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते.

१६२७ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत. संतपदाला शंभर वर्षे झाल्यावर, १९६२ साली, निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांचे स्मारक उभारले गेले. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस २०१९ साली तेथे प्रार्थनेसाठी गेले होते. वसईत गास येथील ख्रिस्तमंदिर संत गोन्सालो यांच्या नावाने आहे.

आपण काय शिकावे?

नेता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टेज, हार आणि माईक येतो. सरपंच, सभापती, आमदार हे नेते, असे आपण मानतो. गोन्सालो यांच्याकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे काही चांगल्या सवयी होत्या, आणि त्या सवयींनीच त्यांना ध्येयापर्यंत पोचवले.

पहिली सवय, लोकांची भाषा शिकणे. आपल्या जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, काथोडी, महादेव कोळी, ठाकूर असे अनेक समाज राहतात. घरातले बोलणे वेगळे आणि शाळेतल्या पुस्तकातली मराठी वेगळी. पहिलीत बसलेले मूल म्हणूनच गप्प राहते. त्याच्याशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलणारा शिक्षक किंवा ताई त्याच्यासाठी फार मोठी असते. जे तरुण पाड्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी तहसील कचेरीत किंवा दवाखान्यात बोलतात, कागद वाचून दाखवतात, ते गोन्सालो यांचेच दुभाष्याचे काम करतात. ते काम प्रामाणिकपणे करावे. समोरच्याचे म्हणणे कमी-जास्त न करता पोचवावे, आणि त्याबद्दल गरिबाकडून पैसे मागू नयेत.

दुसरी सवय, शिकलेले जपून ठेवणे. गोन्सालो व्यापारात गेले तरी जपानी विसरले नाहीत. कामासाठी स्थलांतर करावे लागल्यामुळे ज्यांचे शिक्षण मध्येच सुटते, त्यांनी पुस्तक पूर्णपणे मिटू नये. रोज अर्धा तास वाचन केले, तरी पुढे परीक्षेला बसण्याची वाट उघडी राहते. आईवडिलांनी भट्टीवर जाताना मुलांना शक्य तर शाळेत, वसतिगृहात किंवा आजीआजोबांकडे ठेवावे.

तिसरी सवय, पद नसतानाही जबाबदारी घेणे. आपल्या धर्मग्रामात पाडे दूर दूर आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की धर्मगुरू दर रविवारी प्रत्येक पाड्यावर पोहोचू शकत नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांना गोळा करून जपमाळेची प्रार्थना घेणारी बाई, मुलांना धर्मशिक्षण देणारा तरुण, आजाऱ्याला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणणारी मंडळी, हे सर्व आपल्या धर्मग्रामाचे नेते आहेत. त्या सव्वीस जणांत सतरा जण प्रापंचिक होते, हे आपण विसरू नये.

चौथी सवय, नकार आला तरी देवावर रुसून न बसणे. गोन्सालो यांना हवे ते दार उघडले नाही. त्यांनी देवाशी नाते तोडले नाही, आणि ज्यांनी नाकारले त्यांच्याविषयी मनात आकसही धरला नाही. निशिझाकाच्या टेकडीवर येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन एकाच रांगेत क्रुसावर होते. आपल्यात वाडीवाडीचे, भावकीचे, समाजासमाजाचे किती रुसवे वर्षानुवर्षे चालतात! येत्या उपवासकाळात त्यातला एक तरी रुसवा मिटवता आला तर संत गोन्सालो यांचा सण खऱ्या अर्थाने साजरा होईल.

या रविवारी घरी जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत आईवडिलांनी मुलांना या संताचे नाव सांगावे. ज्यांचे काही अडले आहे, ज्यांना नुकताच नकार मिळाला आहे, त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव घेऊन सर्वांनी मिळून प्रार्थना करावी.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.