इंदूरच्या खड्ड्यातून जगाला खत शिकवणारे हॉवर्ड साहेब

सुगी आटोपली की आपल्या शिवारात धुराचे लोट उठू लागतात. उसाचं पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटं, सगळं पेटवायचं आणि रान मोकळं करायचं. मग पुढच्या हंगामाला खताच्या दुकानात उधारी मांडायची. कृषी सहायकाने कंपोस्ट कर म्हटलं, तर आपल्याला ती एखादी सरकारी योजना वाटते. पण ज्या कंपोस्टची जगभर चर्चा झाली, त्याची रीत आपल्या शेजारच्या इंदुरात, होळकरांच्या राज्यात बसली, हे किती जणांना ठाऊक आहे? ती बसवणाऱ्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांची ही हकिकत आहे.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. शेणामातीची ओळख लहानपणापासूनच होती. केंब्रिजला शिकून ते १८९९ साली वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. काम होतं ऊस आणि इतर पिकांवरचे बुरशीजन्य रोग तपासण्याचं. तिथे एक गोष्ट त्यांना सलत राहिली. रोग प्रयोगशाळेत बघायचा आणि सल्ला शेतकऱ्याला द्यायचा, पण तो सल्ला स्वतःच्या रानात करून बघायला हातात जमीन नव्हती. जे आपण स्वतः पिकवलं नाही, त्याबद्दल दुसऱ्याला काय सांगायचं?

ही जमीन त्यांना भारतात मिळाली. १९०५ साली बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतितज्ज्ञ म्हणून ते आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएलबाई स्वतः केंब्रिजच्या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. गव्हाचे पुसा ४ आणि पुसा १२ हे वाण या दोघांच्या मेहनतीचं फळ. नाव मात्र साहेबांचंच जास्त झालं, हेही लक्षात ठेवायला हवं.

पुशाला साहेबांनी एक निराळंच काम केलं. त्यांनी आसपासच्या गावातल्या शेतकऱ्यांची शेती बारकाईने पाहायला सुरुवात केली. औषधाची फवारणी नाही, तरी गावकऱ्यांची पिकं बऱ्यापैकी निरोगी. मिश्र पीक, द्विदल धान्याची फेरपालट, गोठ्यातलं खत, या साध्या गोष्टींत काहीतरी मर्म आहे हे त्यांनी ओळखलं. शिकवायला आलेला साहेब शिकायला बसला. शेतकरी आणि पिकांवरची कीड, या दोघांना ते पुढे आपले गुरू मानू लागले. कीड पडली म्हणजे जमिनीचं किंवा वाणाचं काहीतरी चुकलं, असं त्यांचं मत बनलं.

पण पुशाला कामाच्या वाटण्या फार होत्या. माती एकाकडे, कीड दुसऱ्याकडे, बुरशी तिसऱ्याकडे. शेत मात्र अशा वाटण्या करून पिकत नाही. सगळं एका ठिकाणी तपासता यावं म्हणून १९२४ साली इंदूरला नवी संस्था उभी राहिली. कापूस समिती आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला, होळकर दरबाराने जमीन दिली. हीच जागा पुढे इंदूरचं कृषी महाविद्यालय झाली. इथे साहेबांच्या जोडीला रसायनतज्ज्ञ यशवंत वाड होते. १९३१ साली निघालेल्या कंपोस्टवरच्या पुस्तकावर लेखक म्हणून हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावं आहेत.

आता ही इंदूर पद्धत काय, ते बघा. अंदाजे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख. पुन्हा थर, पुन्हा शेण. ओल पिळून काढलेल्या फडक्यासारखी, पाणी साचू द्यायचं नाही. पहिली पलटी साधारण पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो, म्हणून जमिनीवरच ढीग लावायचा. पऱ्हाट्या टणक असतात, तर त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरून घ्यायच्या. खर्च कशाचा? अंगमेहनतीचा.

पहिले काही दिवस या ढिगात पांढरी बुरशी माजते. आपण म्हणतो, खत नासलं. खरं तर इथेच काम सुरू होतं. कडक काडी फोडायचं काम बुरशी करते, मग पुढचं जिवाणू उचलतात. ढीग पलटायचा तो त्यांना हवा मिळावी म्हणून. रोगाची बुरशी शोधायला निघालेल्या माणसाला उपकार करणारी बुरशी अशी खड्ड्यात भेटली.

१९३० साली गॅब्रिएलबाई वारल्या. पुढच्या वर्षी साहेब भारत सोडून विलायतेला गेले. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. घरी स्वस्थ बसायचं वय, पण त्यांना नवीनच ध्यास लागला. विलायतेत रेनर नावाच्या शास्त्रज्ञ बाई पाइनची रोपं निकृष्ट जमिनीत वाढवत होत्या. कंपोस्ट दिलं की मुळांवर एक बुरशी वाढायची आणि रोपं तरारायची. या जोडीला मायकोरायझा म्हणतात. जर्मनीच्या फ्रँक यांनी १८८५ सालीच हे नाव दिलं होतं. हॉवर्ड यांनी १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारत आणि सिलोनमधल्या चहामळ्यांत हिंडून मुळं तपासायला घेतली. चहाच्या मुळांत ही बुरशी सापडली. १९४० साली आलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी ठासून मांडलं, की कुजलेलं खत आणि पीक यांना जोडणारा हा जिवंत पूल आहे. मग इतर शास्त्रज्ञांशी त्यांचे वाद झडले. साहेब हटवादी होते, माघार घेणं त्यांना माहीत नव्हतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये, आपला देश स्वतंत्र झाल्यावर दोन महिन्यांनी, ते वारले.

आता खरं काय निघालं? पूल आहे, ही गोष्ट पक्की ठरली. पण त्यावरून चालणारा माल वेगळा निघाला. खतातली प्रथिनं बुरशी मुळाला देते, असं साहेबांना वाटे. आज आपल्याला माहीत आहे, की आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांतली बुरशी काडीकचरा कुजवत नाही. ते काम ढिगातल्या बुरशीचं. मुळांतली बुरशी पिकाकडून साखर आणि स्निग्धांश घेते. बदल्यात केसाहून बारीक तंतू मुळाच्या पुढे कित्येक सेंटिमीटर पसरवून स्फुरद आणि जस्त आणून देते. स्फुरद जमिनीत फारसं हलत नाही, मुळाजवळचं संपलं की पीक उपाशी. तिथे हे तंतू कामी येतात.

म्हणून या पाहुण्याचं घर मोडू नका. जरुरीपेक्षा जास्त स्फुरद ओतलं, की पीक बुरशीला थारा देईनासं होतं. माती परीक्षण करून मगच मात्रा ठरवा. वारंवार खोल नांगरटीने तंतू तुटतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून रान फार दिवस उघडं टाकू नका. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत दीर्घ पडीनंतर मका खुरटतो, त्याचं कारण हेच निघालं. ज्वारी, मका, तूर, हरभरा, कांदा, कापूस ही पिकं बुरशीला सांभाळतात. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक सांभाळत नाहीत. कोबीवर कोबी घेणाऱ्याने मध्ये एखादं धान्य-कडधान्य घ्यावं.

साहेबांचं सगळंच डोळे झाकून घेऊ नका. आपले सुदृढ बैल लाळ-खुरकताच्या जनावरांजवळ राहूनही आजारी पडत नाहीत, असं ते सांगत. तुम्ही आपलं लसीकरण चुकवू नका. कंपोस्टने प्रत्येक जमिनीची प्रत्येक उणीव भरून निघते, असंही नाही. पण काडी जाळणं म्हणजे घरची ठेव पेटवणं, एवढं त्यांनी दाखवून दिलं.

पुसदच्या पांढरीपांडे काकांची नाडेप टाकी तुम्ही पाहिली असेल. पलटी मारायचे कष्ट वाचवणारी तीही कंपोस्टचीच वाट. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी गावच्या कचऱ्यासाठी असा एक खड्डा नीट चालवून दाखवला, तर चार शेतकरी बघून आपापला करतील. सांगण्याआधी स्वतः करून बघायचं, हॉवर्ड साहेबांनी जन्मभर दुसरं काय केलं? यंदा सुगीनंतर काडेपेटी खिशातच राहू द्या आणि बांधाच्या कडेला एक खड्डा खणा.