वर टाय, खाली जीन्स

कॉलेजच्या फेअरवेलला ब्लेझर घातलात, टायही बांधलात आणि खाली जीन्स चढवलीत, की घरात कुणीतरी पँटची चौकशी करतंच. पुढच्या वेळी त्यांना अँडी वॉरहॉलचं नाव सांगा. सूपच्या डब्यांची आणि मेरिलिन मन्रोची चित्रं करणारा, रुपेरी विगवाला, तोच. सत्तरच्या दशकात ब्लेझर, शर्ट, टाय आणि लिव्हाइजची जीन्स हा त्याचा जवळपास युनिफॉर्मच होता. पण हा लूक त्याला आरशासमोर उभं राहून सुचला, असं मात्र समजू नका.

अँडीचा जन्म १९२८चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. पोलाद आणि कोळशाचं शहर. आईवडील आजच्या स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून आलेले. वडील अंगमेहनतीची कामं करायचे. आई रिकाम्या डब्यांच्या पत्र्याची फुलं करून दारोदार विकायची (सूपचे डबे आठवले ना?). शाळेत असताना अँडीला कोरिया नावाचा आजार झाला. हातपाय आपोआप हलायचे. मग अंथरुणात पडल्या पडल्या चित्रं रंगवायची, सिनेनटांचे फोटो जमवायचे. चेहऱ्यावर डाग आले, पुढे केसही गळाले. आपण दिसायला वाईट आहोत, हे त्याच्या मनात बसलं ते कायमचंच. वडील १९४२ मध्ये गेले, पण पोराच्या कॉलेजसाठी पैसे बाजूला ठेवून गेले.

१९४९ मध्ये डिग्री घेऊन त्याने न्यूयॉर्क गाठलं. वॉरहोला या आडनावाचं वॉरहॉल केलं. बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढून बक्कळ कमावलं, तरी काम मागायला तो झिजलेले बूट घालून जायचा. १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रं लॉस एंजेलिसला लागली आणि पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. स्टुडिओचं नाव ‘फॅक्टरी’, अंगात लेदर जॅकेट, डोळ्यांवर काळा गॉगल.

३ जून १९६८ला व्हॅलेरी सोलानस या लेखिकेने फॅक्टरीत शिरून त्याच्यावर गोळी झाडली. फुप्फुसं, यकृत, जठर, सगळीकडे जखमा. कित्येक तासांच्या ऑपरेशननंतर तो वाचला. पण पोटाला आधार देणारा पट्टा कपड्यांखाली जन्मभर राहिला.

मला विचाराल तर ब्लेझरची गोष्ट इथून सुरू होते. नीट बटणं लावलेला शर्ट आणि वर कोट, म्हणजे पट्टाही झाकला आणि व्रणही. शिवाय कामही बदललं होतं. आता तो श्रीमंतांची पोर्ट्रेट्स करायचा, ४० बाय ४० इंचांच्या एका चित्राचे २५ हजार डॉलर. मिक जॅगरपासून इराणच्या राणीपर्यंत सगळ्यांचे चेहरे त्याने रंगवले. अशा लोकांच्या पंगतीला बसायचं तर टाय हवाच!

आणि जीन्स? ती मजुरांची. १८७३ मध्ये तिचं पेटंट निघालं ते कष्टकऱ्यांचे खिसे फाटू नयेत म्हणून ठोकलेल्या रिव्हेट्ससाठी. बड्या हॉटेलांत तिला मान नव्हता. १९५१ मध्ये बिंग क्रॉसबीसारख्या स्टार गायकालाही कॅनडातल्या एका हॉटेलने जीन्समुळे दारात अडवलं होतं. अँडीने मात्र तीच जीन्स करोडपतींच्या टेबलाखाली नेऊन बसवली. मजुराच्या पोराने कमरेच्या वर त्यांचे कपडे घातले आणि कमरेखाली आपले ठेवले, असं मला वाटतं.

जीन्सचं प्रेम कामातही उतरलं. रोलिंग स्टोन्सच्या १९७१च्या ‘स्टिकी फिंगर्स’ अल्बमच्या कव्हरची कल्पना त्याचीच. जीन्सचा फोटो आणि त्याला चक्क खरी चेन! त्या चेनच्या दाबाने आतल्या रेकॉर्ड्स खराब व्हायला लागल्या, तेव्हा चेन अर्धी उघडून माल पाठवावा लागला.

त्याचे फोटो बघा एकदा. बऱ्याच फोटोंत कोट गडद, टायची गाठ जागेवर, जीन्स सरळ कटची आणि कुठेही फाटलेली नाही. आपल्याकडे नेमकं इथेच गंडतं.

गोळीबारानंतर हॉस्पिटलची त्याने जन्मभर धास्ती घेतली होती. पित्ताशयाचं ऑपरेशन तो टाळत राहिला. शेवटी ते झालं आणि दुसऱ्याच दिवशी, २२ फेब्रुवारी १९८७ला, तो झोपेतच गेला. वय ५८. पिट्सबर्गला आईवडिलांजवळ त्याला पुरलं. काळा सूट, टाय, रुपेरी विग, गॉगल. सगळं होतं, फक्त जीन्स नव्हती.