डोळ्यांचा डॉक्टर व्हायला निघालेले ऑस्लर

एमबीबीएस संपून इंटर्नशिप सुरू झाली की घरचे, शेजारचे, अगदी वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा एकच गोष्ट विचारू लागतात. ब्रँच कोणती घेणार? मेडिसिन, सर्जरी, बालरोग, की रेडिओलॉजी? प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकावर बरेच काही ठरते आणि हवी ती शाखा हुकली की चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींना सगळे आयुष्यच हातचे गेल्यासारखे वाटते. अमेरिकेत रेसिडेन्सीची पद्धत रुजवणाऱ्यांपैकी एक म्हणजे सर विल्यम ऑस्लर. त्यांनाही तरुणपणी मनात धरलेल्या शाखेवर पाणी सोडावे लागले होते.

विल्यमचा जन्म 12 जुलै 1849 चा, कॅनडातल्या बाँड हेड या खेड्यातला. वडील फेदरस्टोन ऑस्लर इंग्लंडमधून येऊन तिथे स्थायिक झालेले धर्मोपदेशक. भावंडांचा मोठा गोतावळा. धाकट्या विल्यमने वडिलांचाच मार्ग धरायचा, असे घरात ठरल्यासारखे होते आणि त्यालाही ते मान्य होते. 1867 साली तो टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तो धर्मोपदेशक होण्यासाठीच.

पण त्याआधी शाळेत असताना त्याला एक गुरू भेटले होते. रेव्हरंड जॉन्सन हे स्वतः धर्मोपदेशक, पण नाद सूक्ष्मदर्शकाचा. डबक्यातले पाणी, शेवाळ, किडे, जे मिळेल ते काचेवर ठेवून ते मुलांना दाखवत. टोरांटोत जेम्स बोव्हेल नावाचे डॉक्टर भेटले. त्यांनाही तेच वेड, वर घरी पुस्तकांचा खजिना. वर्षभरात विल्यमने धर्मशास्त्र सोडले आणि 1868 मध्ये टोरांटोच्या वैद्यकीय शाळेत नाव घातले. गंमत पुढे आहे. शिष्य धर्मपीठ सोडून वैद्यकाकडे आला आणि थोड्याच काळात गुरू बोव्हेल वैद्यक सोडून वेस्ट इंडिजमध्ये जाऊन धर्मोपदेशक झाले. व्यवसाय बदलावासा वाटण्याचे एकच ठरलेले वय नसते.

विद्यार्थी म्हणून विल्यमचा मुक्काम शवविच्छेदनाच्या खोलीत असे. 1870 मध्ये एका मृतदेहाच्या स्नायूंत त्याला बारीक पांढरे ठिपके दिसले. बाकीच्यांनी कापून पुढे जायचे काम केले असते. याने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ते ट्रायकिना नावाचे जंत होते. अर्धेकच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने ते माणसाच्या स्नायूंत जाऊन बसतात.

टोरांटोत प्रत्यक्ष रुग्ण पाहायला फारसे मिळत नव्हते आणि बोव्हेलही निघून गेले होते. म्हणून 1870 मध्येच तो माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आला. चांगले कॉलेज कोणते, याची त्याची कसोटी साधी होती: जिथे वॉर्डात शिरायला मिळते ते. तिथले पामर हॉवर्ड हे त्याचे तिसरे गुरू. 1872 मध्ये पदवी मिळाली तेव्हा प्रबंधासोबत त्याने शवविच्छेदनातले नमुने जोडले होते आणि त्याबद्दल खास बक्षीसही मिळाले.

आता प्रश्न आला पुढे काय करायचे हा. त्या काळी पदव्युत्तर प्रवेश, जागा, यादी असे काही नव्हते. ज्याच्या घरी थोडी ऐपत असे तो युरोप गाठे, मोठ्या डॉक्टरांच्या मागे वॉर्डांतून फिरे आणि परत येऊन पाटी लावे. भावाच्या आर्थिक मदतीवर तरुण ऑस्लर लंडनला पोहोचले ते नेत्रतज्ज्ञ होण्याचा बेत करून. विचार व्यवहारी होता. डोळ्यांचे काम स्वतंत्र, बऱ्यापैकी पैसे देणारे, शिवाय संशोधनाला वेळ उरेल असे. आजही शाखा निवडताना मुले हाच हिशेब करतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग माँट्रियलहून हॉवर्ड यांचे पत्र आले. डोळ्यांची शाखा धरून त्या शहरात पाय रोवण्याच्या तयारीत दुसरे डॉक्टर आधीच होते. त्यांपैकी फ्रँक बुलर हे तर लंडनमध्येच डोळ्यांचे शिक्षण घेत होते. माँट्रियल तेव्हा काही एवढे मोठे नव्हते की तिथे नेत्रतज्ज्ञांची रांग पोसली जावी. ऑस्लर यांनी बेत सोडून दिला. मन खट्टू झाले, पण हाती वेळ मोकळा राहिला.

तो वेळ त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्डन सँडरसन यांच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवला, म्हणजे कुठल्याही शाखेत नाही. तिथे रक्त पाहता पाहता त्यांना तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज तिसरेच बारीक कण दिसले. वाहत्या रक्तात हे कण सुटे असतात आणि रक्त बाहेर काढले की त्यांचे पुंजके होतात, हे त्यांनी नोंदवले. ते साल 1873. डेंग्यूच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी ज्यांचा आकडा विचारला जातो, त्या या प्लेटलेट्स. रक्त गोठण्यातले त्यांचे काम पुढे इटलीतल्या बित्सोझेरो यांनी उलगडले. नंतर बर्लिनला विर्खो यांची शवविच्छेदनाची शिस्त पाहून आणि व्हिएन्नातले वॉर्ड पालथे घालून 1874 मध्ये ते परतले आणि पंचविशीत मॅकगिलमध्ये शिकवू लागले.

पुढची दहा वर्षे तरुण डॉक्टरांनी बारकाईने पाहावी अशी आहेत. ऑस्लर यांच्याकडे नाव घेण्यासारखी शाखा नव्हती आणि म्हणावी अशी प्रॅक्टिसही नव्हती. माँट्रियल जनरल हॉस्पिटलच्या शवागारात त्यांनी शेकडो शवविच्छेदने केली. वॉर्डात निदान काय झाले होते आणि प्रत्यक्षात काय निघाले, हे ते ताडून पाहत. देवीच्या वॉर्डात कोणी पाय ठेवायला तयार नसे. ते काम त्यांनी घेतले, त्यात स्वतःला देवीची लागण करून घेतली आणि तिथे मिळालेल्या पैशांतून विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक आणले. 1878 मध्ये त्यांना त्याच रुग्णालयात फिजिशियनची जागा मिळाली. दरम्यान, फ्रँक बुलर डोळ्यांचे डॉक्टर म्हणून माँट्रियलला आले होते आणि ऑस्लर काही काळ त्यांच्याच घरात भाड्याने राहिले. ज्यांच्यामुळे शाखा गेली त्यांच्याच छताखाली, आणि दोघांचे छान जमले.

1884 मध्ये ते जर्मनीत असताना फिलाडेल्फियाहून बोलावणे आले. जावे की माँट्रियलमध्ये राहावे हे त्यांनी नाणे उडवून ठरवले, असे ते पुढे रंगवून सांगत. मुलाखतीची गोष्टही ते अशीच सांगत. वेअर मिचेल या बड्या डॉक्टरांनी त्यांना लंडनमध्ये जेवायला बोलावले आणि चेरीचा पदार्थ वाढला. पाहुणा बिया तोंडातून कशा काढतो यावर म्हणे पसंती अवलंबून होती. ते फिलाडेल्फियाला आले तेव्हा त्याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी शिकत होत्या. आनंदीबाईंना 1886 मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्या पुण्यात वारल्या. शाखेचा विचार करायलाही त्यांना आयुष्य पुरले नाही.

1889 मध्ये बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तिथे ऑस्लर यांनी जर्मनीत पाहिलेली साहाय्यकांची पद्धत आणली. पदवीधर तरुणाने रुग्णालयातच राहायचे, वॉर्डाची जबाबदारी अंगावर घ्यायची आणि टप्प्याटप्प्याने वर चढायचे. रेसिडेंट या शब्दाचा अर्थच तिथे राहणारा असा आहे. मुदत ठरलेली नसे. त्यांचे पहिले रेसिडेंट लाफ्लर दोन वर्षांत माँट्रियलला परतले. नंतरचे थेयर तब्बल सात वर्षे त्या जागेवर होते. शल्यक्रियेच्या बाजूला हॉलस्टेड यांनी हीच पद्धत आणखी कडक केली. कोकेनचे बधिरीकरणासाठी प्रयोग करताना हॉलस्टेड स्वतः त्या व्यसनात सापडले आणि नंतर मॉर्फिनच्या आहारी गेले, हेही इथे सांगायला हवे. रेसिडेंट डॉक्टरांच्या न संपणाऱ्या ड्युट्यांची परंपरा ज्या काळातून आली, त्या काळाचा हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

विद्यार्थ्यांसाठी ऑस्लर यांनी केलेली गोष्ट त्याहून मोलाची मानायला हवी. 1893 मध्ये तिथले वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, मुलग्यांच्या बरोबरीच्या अटींवर मुलींनाही प्रवेश देऊन. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ऑस्लर यांनी वर्गातून उठवून वॉर्डात नेले. प्रत्येकाच्या वाट्याला काही खाटा. रुग्णाची हकिगत घ्यायची, लघवी, रक्त, थुंकी स्वतः तपासायची आणि राउंडला सरांपुढे सांगायचे. आठवड्यातून एका संध्याकाळी ती मुले त्यांच्या घरी टेबलाभोवती बसत. शेजारच्या घरात राहणाऱ्या तरुण डॉक्टरांकडे तर त्यांच्या घराची किल्लीच असे. त्यातले हार्वी कुशिंग पुढे मेंदूच्या शल्यक्रियेचे अग्रणी झाले आणि त्यांनीच लिहिलेल्या ऑस्लर यांच्या चरित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सगळी शरीररचना आणि सगळे रोग एका डोक्यात मावतील असा तो अखेरचा काळ असावा. 1892 मध्ये ऑस्लर यांनी अंतर्गत रोगांवरचे पाठ्यपुस्तक एकट्याने लिहून पूर्ण केले आणि आपल्या तीन गुरूंना अर्पण केले. नेत्रतज्ज्ञ झाले असते तर हे पुस्तक त्यांच्या हातून झाले नसते. त्याच वर्षी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ग्रेस ग्रॉस यांच्याशी लग्न केले. 1905 मध्ये ते ऑक्सफर्डला गेले.

त्यांच्या मुलाला, रेव्हरला, वैद्यकात रस नव्हता. त्याला मासेमारी, चित्रे आणि जुनी पुस्तके आवडत आणि वडिलांनी ते खुशाल चालू दिले. पहिल्या महायुद्धात ऑगस्ट 1917 मध्ये तो बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झाला. त्याला वाचवण्याची धडपड करणाऱ्या शल्यविशारदांत कुशिंगही होते. रेव्हर वाचला नाही. ऑस्लर काम करत राहिले, पण ते खचले होते.

दोन वर्षांनी त्यांना न्यूमोनियाने गाठले. ज्या आजाराबद्दल त्यांनी आयुष्यभर शिकवले, त्याच आजाराने छातीत पू झाला, शस्त्रक्रियाही झाली. 29 डिसेंबर 1919 रोजी ते गेले. जमवलेली सुमारे आठ हजार पुस्तके त्यांनी मॅकगिलला दिली होती. त्यांच्या अस्थीही आज तिथेच, त्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये ठेवलेल्या आहेत.