अण्णा भाऊ साठे : उघड्या मैदानावरील रंगभूमी

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या वाङ्मयाचा विचार बहुधा ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीपासून आरंभिला जातो. त्यांच्या कलादृष्टीची जडणघडण मात्र त्यापूर्वीच मुंबईच्या कामगारवस्त्यांतील चौकांत व मैदानांत झाली होती. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मांग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊंना शालेय शिक्षण जवळजवळ लाभले नाही. तमाशाचे संस्कार मात्र लाभले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले.

पाळीवरून परतणाऱ्या श्रोत्याला उघड्यावर थांबविणे व खिळवून ठेवणे, ही या प्रयोगांची पहिली कसोटी होती. म्हणून त्यांनी ढोलकीची ओळखीची लय आणि बतावणीतील हजरजबाबीपणा राखला. आशय मात्र पालटला. गणातील गणेशस्तवनाऐवजी मायभूमीला व शिवछत्रपतींना वंदन आले, गौळण गळाली, आणि विनोदाचा रोख सावकार व भांडवलदार यांच्याकडे वळला. स्वातंत्र्योत्तर काळात तमाशावर शासकीय निर्बंध आले, तेव्हा हेच रूप ‘लोकनाट्य’ या नावाने उभे राहिले.

या लोकनाट्यांच्या छापील संहितांत श्रोत्यांचा प्रतिसाद उरलेला नाही. तो वगळून केलेले त्यांचे मूल्यमापन अपुरेच ठरते.