फैसल बिन अब्दुलअझीझ

फैसल बिन अब्दुलअझीझ अल सौद (इ.स. १९०६, रियाध - २५ मार्च, इ.स. १९७५, रियाध) हे सौदी अरेबियाचे तिसरे राजे होते. मुस्लिम राष्ट्रांमध्ये धर्माच्या नात्याने प्रभाव निर्माण करणारे राज्यकर्ते म्हणून ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

राज्याचे संस्थापक अब्दुलअझीझ (इब्न सौद) हे त्यांचे वडील. आई तर्फा या धर्मसुधारक मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांच्या वंशातील होत्या. त्यांच्या अकाली निधनामुळे फैसल आजोळी वाढले. आजोबा धर्मपंडित असल्याने त्यांना घरातच धर्मशिक्षण मिळाले. १९२६ मध्ये मक्का व मदिना ही तीर्थक्षेत्रे असलेल्या हिजाझ प्रांताचा कारभार, तर १९३० मध्ये परराष्ट्रखाते त्यांच्याकडे आले.

धर्म आणि परराष्ट्रनीती

इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या अरब राष्ट्रवादामुळे अरब राजेशाह्या धोक्यात आल्या होत्या. १९६२ मध्ये शेजारच्या येमेनमधील राजसत्ता उलथली आणि बंडखोरांच्या मदतीस इजिप्तचे सैन्य तेथे उतरले. त्याच वर्षी मक्केत जागतिक मुस्लिम लीग ही संस्था स्थापन झाली होती. अरब राष्ट्रवादाचे आवाहन अरबांपुरते होते. इस्लामी ऐक्याचे आवाहन मात्र बिगर-अरब देशांपर्यंतही पोहोचणारे होते. १९६४ मध्ये राजपदी आल्यावर फैसल यांनी इराण, पाकिस्तान, तुर्कस्तान, मोरोक्को, माली आदी देशांचे दौरे करून हाच विचार मांडला.

२१ ऑगस्ट १९६९ रोजी जेरुसलेममधील अल-अक्सा मशिदीस आग लावण्यात आली. त्यानंतर महिनाभरात मोरोक्कोतील रबात येथे मुस्लिम राष्ट्रांची शिखर परिषद भरली. तीतूनच इस्लामी सहकार्य संघटना उदयास आली व तिचे सचिवालय जेद्दा येथे स्थापन झाले.

मर्यादा

धर्मबंधुत्वामुळे राष्ट्रांमधील राजकीय वाद मात्र मिटले नाहीत. रबात परिषदेसाठी निमंत्रण मिळूनही पाकिस्तानच्या विरोधामुळे भारताला बाहेर राहावे लागले. १९७१ मध्ये समान धर्म असूनही पाकिस्तानची फाळणी झाली. पाकिस्तानने १९७४ मध्ये बांगलादेशाला मान्यता दिली. सौदी अरेबियाने मात्र फैसल यांच्या हयातीत ती दिली नाही.

मृत्यू व वारसा

२५ मार्च १९७५ रोजी पुतण्याने गोळ्या झाडून त्यांची हत्या केली. त्याच वर्षी जेद्दा येथे इस्लामी विकास बँकेचे कामकाज सुरू झाले. पाकिस्तानातील लायलपूर शहरास त्यांच्या स्मरणार्थ फैसलाबाद हे नाव देण्यात आले. इस्लामाबादमधील फैसल मशीदही सौदी अर्थसाहाय्याने उभी राहिली.