वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाई हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. मुंबईतील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन
हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. तेथे ते इल्या मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले.

प्लेगची लस
१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरताच सरकारने त्यांना पाचारण केले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी लस सिद्ध केली व १० जानेवारी, १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

चाचणीची रचना
लस घेतलेल्या व न घेतलेल्या कैद्यांची तुलना करण्यात आली. परंतु स्वेच्छेने पुढे येणारे आणि मागे राहणारे यांच्यात मुळातच भेद असू शकतो. बडोदे संस्थानातील उंढेरा गावी १८९८ साली ही उणीव कमी करण्यात आली. तेथे प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस टोचली गेली, त्यामुळे दोन्ही गटांची राहणी सारखीच राहिली. न टोचलेल्यांत मृत्यू कितीतरी अधिक झाले. तुलनेसाठी काहींना लसीविना ठेवणे, की अपुऱ्या पुराव्यावर सर्वांना टोचणे, हा पेच तेव्हापासून कायम आहे. पूर्वीचे ज्ञान, नवा पुरावा आणि चुकीच्या निर्णयाची किंमत यांचा एकत्र हिशेब करणारी बेझियन निर्णयपद्धती आज याच पेचासाठी वापरली जाते.

मुलकोवाल दुर्घटना
१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, असे चौकशीत दिसून आले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडल्यावर १९०७ साली ते दोषमुक्त झाले.

अखेरचा काळ
त्यानंतर त्यांनी कलकत्त्यात काम केले. परळ येथील प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.