नाथांची आजी

पैठणच्या एकनाथ महाराजांचे आईवडील, रुक्मिणीबाई अन् सूर्यनारायण, महाराज तान्हे असतानाच गेले. घरात उरले आजोबा चक्रपाणी अन् आजी. पोटचा मुलगा गेलेला, सून गेलेली, त्या दुःखातच म्हातारीनं नातवाला वाढवलं. अन् तोच एका बाराव्या वर्षी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडं निघून गेला. कीर्तनात आम्ही गुरुभक्ती रंगवून सांगतो, घरी वाट बघणारी आजी मात्र राहून जाती.

पुढं आजोबांनी शोध काढून स्वामींची चिठ्ठी आणली. तीर्थयात्रेहून नाथ पैठणला आले, पण घरी न जाता देवळात उतरले. आजोबांनी तिथं चिठ्ठी दाखवली. इथंच राहून संसार करावा, अशी गुरूची आज्ञा. नाथ तिथंच थांबले. म्हाताऱ्यांनी गिरिजाबाईशी लग्न लावून दिलं.

पैठणची गंगाच आमच्या गंगाखेडला येती. घाटावर उतरलो की मला ती म्हातारी आठवती.